गाण्यावरची बंदी आणि समूहगानाचे उत्तर

१/
सन १८७१. ब्रिटिश सरकारने ‘गुन्हेगार जमाती कायदा’ संमत केला. भटक्या-विमुक्तांच्या इतिहासात तो कुप्रसिद्ध आहेच. पण त्याचा दुसरा भाग सहसा कोणी वाचत नाही. तो तृतीयपंथीयांविषयी होता. पोलिसांच्या नोंदवहीत नाव चढलेल्या तृतीयपंथीयाने स्त्रीवेशात रस्त्यावर दिसणे, सार्वजनिक ठिकाणी नाचणे किंवा वाद्य वाजवणे हा गुन्हा ठरला. वॉरंटाशिवाय अटक, आणि दोन वर्षांपर्यंत कैद.

२/
एवढ्या बलाढ्य साम्राज्याला ढोलकीचे भय का वाटावे? या प्रश्नापासून आजचा धागा सुरू होतो. पुण्याचे मेळे, सॅन फ्रान्सिस्कोतील एक शोकसभा आणि मुंबईतील एक गायकवृंद अशा मुक्कामांवरून तो पुन्हा पुण्याच्याच रस्त्यावर येऊन थांबेल. विषय एकच: ज्यांना एकट्याने बोलता येत नाही, ती माणसे एकत्र गातात तेव्हा काय घडते.

३/
१८७१ च्या कायद्याचा हा भाग मुख्यतः उत्तर हिंदुस्थानात राबवला गेला. परंतु त्याच धर्तीचा कायदा निजामाच्या हैदराबाद संस्थानात १९१९ साली झाला, आणि मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. तेथेही रस्त्यावरचे नाचगाणे दंडनीय ठरले. तेलंगणात हा कायदा पुस्तकात कायम राहिला. तेथील उच्च न्यायालयाने तो २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरवून रद्द केला.

४/
बंदी नेमकी वाद्यावर का, हे समजण्यासाठी उपजीविकेकडे पाहावे लागते. बाळाच्या जन्माला, लग्नाला गाऊन-नाचून बधाई मागणे हे तृतीयपंथीयांचे परंपरागत साधन. आपल्याकडे यल्लमाचे जोगते चौंडके-तुणतुण्यावर देवीची गाणी म्हणतात. गाणे थांबवले की मिळकत थांबते, आणि मिळकतीबरोबर समाजात वावरण्याचे कारणही संपते. आशीर्वादापुरते दारात बोलवायचे आणि भाड्याने खोली मात्र द्यायची नाही, ही आपली दुटप्पी रीत त्याहूनही जुनी.

५/
दुसरा कायदा भारतीय दंड संहितेचा. संहिता १८६० ची, अंमल १ जानेवारी १८६२ पासून. तिच्या कलम ३७७ ने समलिंगी संबंध गुन्हा ठरवले. गाण्याबद्दल त्यात अवाक्षर नाही. तरी त्याने निराळ्या प्रकारे आवाज बंद केला. तृतीयपंथीय लोकांना दिसत होते, म्हणून त्यांना रस्त्यावरून हटवण्याचा खटाटोप झाला. समलिंगी माणसे दिसतच नव्हती, आणि दिसू नयेत याची व्यवस्था या कलमाने केली.

६/
मग बोलायचे कसे? एकट्याने म्हणता येत नाही ते मेळ्याने म्हणता येते, हे पुण्याला ठाऊक आहे. १८९४ पासून सार्वजनिक गणेशोत्सवात मेळे उभे राहिले. एकसारख्या वेशातील मुले रस्तोरस्ती पदे म्हणत फिरत. सभेतील वक्त्यावर राजद्रोहाचा खटला सहज भरता येई; मेळ्यात मात्र आवाज सर्वांचा असे. पुढे सरकारने मेळ्यांवरही निर्बंध घातले, ते उगीच नव्हे.

७/
मेळ्यांचे नुसते गोडवे गाऊ नयेत. आरंभीच्या अनेक पदांत मुसलमान शेजाऱ्यांविषयी कटुता होती. मोहरमच्या ताबूतांपासून हिंदूंना दूर ठेवणे हा त्यांचा उघड हेतू होता. १९२० च्या दशकात ब्राह्मणेतर चळवळीने पुण्यातच ‘छत्रपती मेळा’ काढला आणि मेळ्याला मेळ्याने उत्तर दिले. तात्पर्य, समूहगान हे साधन आहे. ते कोणाच्या हाती आहे, यावर त्याचे पुण्यपाप ठरते.

८/
हे साधन मग वंचितांनी उचलले. सत्यशोधकांचे जलसे, त्यानंतर आंबेडकरी जलसे, १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक. ज्यांना व्याख्यानमालांची निमंत्रणे येत नव्हती, त्यांनी गाण्यातून आपले व्यासपीठ स्वतः उभारले. महाराष्ट्रात सामाजिक परिवर्तनाचा विचार खेड्यापाड्यांत पोहोचला, त्यातला मोठा वाटा अशा गाणाऱ्या पथकांचा आहे.

९/
आता पाश्चात्त्य पद्धतीच्या कॉयरचे एक वैशिष्ट्य पाहू. आपल्या भजनात सारे एकच चाल गातात. कॉयरमध्ये उंच आणि खालच्या आवाजांचे गट निरनिराळ्या सुरावटी एकाच वेळी गातात. दीर्घ ओळ गाताना सर्वांनी एकदम श्वास घ्यायचा नसतो. एक थांबतो तेव्हा शेजारी गात असतो, म्हणून ऐकणाऱ्याला सूर अखंड वाटतो. ज्याच्या घरी त्याचे सत्य कोणाला माहीत नाही, अशा माणसासाठी या व्यवस्थेचा अर्थ संगीतापुरता उरत नाही.

१०/
१९७८, सॅन फ्रान्सिस्को. जॉन सिम्स या संगीतकाराने समलिंगी पुरुषांचा गायकवृंद जमवला. पहिली तालीम ३० ऑक्टोबरला झाली. चारच आठवड्यांनी, २७ नोव्हेंबरला, शहराचे महापौर जॉर्ज मॉस्कोनी आणि उघडपणे समलिंगी असलेले लोकप्रतिनिधी हार्वी मिल्क यांची नगरभवनातच गोळ्या घालून हत्या झाली.

११/
त्या रात्री हजारो लोक मेणबत्त्या घेऊन कॅस्ट्रो भागातून नगरभवनाकडे चालत गेले. वृंदाचा एकही कार्यक्रम तोवर झालेला नव्हता. नगरभवनाच्या पायऱ्यांवर उभे राहून त्यांनी मेंडेलसोनची एक प्रार्थना गायली. हेच त्यांचे पहिले जाहीर गायन. सूड घ्या असे कोणी म्हटले नाही, लपून राहा असेही नाही. शोकाला सुरांचा आधार मिळाला आणि शहराने तो ऐकला.

१२/
या वृंदाच्या नावात ‘गे’ हा शब्द होता. १९७८ मध्ये ही लहान गोष्ट नव्हती: कार्यक्रमपत्रिकेत नाव छापले म्हणजे मालकाला, नातलगांना सारे कळणार. १९८० साली डॅलसमध्ये स्थापन झालेल्या वृंदाने मात्र ‘टर्टल क्रीक कोराल’ हे स्थलवाचक नाव घेतले. उघड नाव की आडपडद्याचे, हा प्रश्न पुढे जगभर आला. दोन्ही उत्तरांमागे गायकांच्या सुरक्षिततेचा हिशेब होता.

१३/
लगेच एड्सची साथ आली. सिम्स स्वतः १९८४ मध्ये गेले. तालमीतल्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या होत गेल्या. १९९३ सालचे या वृंदाचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. मूळ सदस्यांपैकी हयात असलेले मोजके गायक पांढऱ्या शर्टात समोर तोंड करून उभे आहेत. बाकीचे सारे काळ्या वेशात, पाठ फिरवून. त्या पाठी म्हणजे मृत सहकारी. गाणे चालू ठेवणे हीच तेव्हा श्रद्धांजली होती.

१४/
१९८३ मध्ये लंडनला ‘पिंक सिंगर्स’ हा वृंद जमला, तोही प्राइड मोर्च्यात गाण्यासाठी. ज्या देशाने आपल्याला कलम ३७७ दिले, त्या इंग्लंडने स्वतःचा असा कायदा १९६७ सालीच बराचसा सैल केला होता. वसाहतींत ठेवलेली प्रत मात्र तशीच राहिली. आपल्याकडे स्वातंत्र्य आले, राज्यघटना आली, तरी कलमाचा अंक बदलला नाही.

१५/
पुण्यात २००२ साली बिंदुमाधव खिरे यांनी ‘समपथिक ट्रस्ट’ स्थापन केला. नावातच समान वाटेचे प्रवासी. ओळखणाऱ्याला खूण पटते, इतरांना तो एक शुद्ध मराठी शब्द वाटतो. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने कलम ३७७ ची धार काढली. ११ डिसेंबर २०११ रोजी पुण्यात पहिला प्राइड मोर्चा निघाला. भारतातील अशा आरंभीच्या मोर्च्यांत पुष्कळांचे चेहरे मुखवट्यांआड असत.

१६/
बरोबर दोन वर्षांनी, ११ डिसेंबर २०१३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचा निकाल फिरवला. चार वर्षे उजळ माथ्याने फिरलेली माणसे एका दिवसात पुन्हा गुन्हेगार झाली. पुढच्याच एप्रिलमध्ये, १५ तारखेला, त्याच न्यायालयाने तृतीयपंथीयांना स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला. एका हाताने दिले, दुसऱ्याने काढून घेतले, असा तो काळ होता.

१७/
याच २०१४ साली मुंबईत ‘रेनबो व्हॉइसेस मुंबई’ हा गायकवृंद उभा राहिला. भारतातील पहिला एलजीबीटीक्यू कॉयर म्हणून तो ओळखला जातो. निकाल विरोधात गेलेला, कलम पुन्हा जिवंत झालेले, आणि ही मंडळी तालमीला जमत होती. मोर्च्यात मुखवटा चालतो; गाताना तोंड उघडावेच लागते. चेहरा लोकांसमोर येतो, पण आवाज शेजाऱ्याच्या आवाजात सामावलेला राहतो. पहिल्यांदा उभे राहणाऱ्याला एवढा आडोसा पुरतो.

१८/
जानेवारी २०१६ मध्ये मुंबईतच ‘सिक्स पॅक बँड’ आला: सहा तृतीयपंथीय गायकांचा गट. चहाच्या एका ब्रँडने त्याला पाठबळ दिले आणि त्याच वर्षी कान येथील जाहिरात महोत्सवात त्याला मोठा पुरस्कार मिळाला. जाहिरातीसाठी केलेल्या उपक्रमाबद्दल शंका घेणे रास्त आहे. तरीही ज्यांचे गाणे सिग्नलवर काच वर करून टाळले जाई, त्यांचे गाणे लोकांनी स्वतःहून लावून ऐकले, याची नोंद इतिहासाने घ्यावी.

१९/
येथे आवाज आणि लिंग यांचा प्रश्न येतो. टेस्टोस्टेरॉन घेतल्यावर पारलिंगी पुरुषाचा आवाज खाली उतरतो. इस्ट्रोजेनने पारलिंगी स्त्रीचा आवाज उंच होत नाही. म्हणून अनेक वृंदांनी ‘पुरुषांचे सूर’, ‘बायकांचे सूर’ ही भाषा सोडून आवाजाच्या उंचीनुसार गट पाडले. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांवर लुब्ध झालेल्या महाराष्ट्राला हे परके वाटू नये. रंगमंचावर आपण जे सहज मान्य केले, ते रंगमंचाखाली मान्य करायला मात्र इतका वेळ लावला.

२०/
जानेवारी २०१८ मध्ये लंडनचे पिंक सिंगर्स मुंबईला आले आणि दोन्ही वृंद एकत्र गायले. कलम ३७७ तेव्हा लागूच होते. कायदा जेथून आला त्या देशातले गायक, आणि तो ज्यांच्या मानेवर होता ते गायक, एकाच रांगेत. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते कलम रद्दबातल ठरवले. निकाल गाण्याने लागला नाही, तो वर्षानुवर्षांच्या न्यायालयीन लढ्याने लागला. पण लढणाऱ्यांना टिकून राहण्यासाठी सोबत लागते, आणि तालमीची खोली ती सोबत देत होती.

२१/
न्यायालय गुन्हा पुसू शकते. घरात जागा देऊ शकत नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. उरलेले काम त्यामुळे पुन्हा समाजाकडे आले. मोर्चा रस्त्याच्या कडेने पाहता येतो, टाळताही येतो. गाण्याच्या कार्यक्रमाला मात्र तासभर शांत बसून ऐकावे लागते. मुलाशी बोलणे टाकलेला बाप मागच्या रांगेत येऊन बसला, तर त्याच्याकडून एवढ्याचीच अपेक्षा असते, की त्याने ऐकावे.

२२/
शेवटी पुण्यात परत येऊ. २०२४ च्या गणेशोत्सवात ‘शिखंडी’ हे तृतीयपंथीयांचे ढोल-ताशा पथक पुण्याच्या रस्त्यावर उतरले. १८७१ चा मजकूर पुन्हा आठवून पाहा: सार्वजनिक रस्त्यावर वाद्य वाजवणे, अटक, दोन वर्षे कैद. ज्या उत्सवात मेळ्यांनी पुण्याला समूहाच्या आवाजाचे बळ शिकवले, त्याच उत्सवात, भर रस्त्यात, ज्यांच्या वादनाला एकेकाळी कायद्याने गुन्हा ठरवले त्यांच्या वारसांनी ढोल कमरेला बांधला.

२३/
म्हणून प्रश्न आता वाजवणाऱ्यांना विचारायचा नाही. तो मिरवणूक पाहायला उभ्या असलेल्या आपल्याला आहे. विसर्जनाच्या दिवशी टाळ्या वाजवायच्या आणि दुसऱ्या दिवशी खोली भाड्याने नाकारायची, ही जुनी रीत आपण चालू ठेवणार का? तुमच्या गावातल्या मेळ्याच्या, जलशाच्या, भजनी मंडळाच्या आठवणी असतील तर खाली जरूर लिहा. त्या मंडळात कोणाला गाऊ दिले जात नव्हते, तेही आठवले तर लिहा.