मात्रेचा महिमा

1933 सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातला एक शेतकरी हिमवादळातून मॅडिसनच्या विद्यापीठात पोहोचला. बरोबर मेलेली कालवड, ‘स्वीट क्लोव्हर’चा नासका चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त! चारा बदला, यापलीकडे त्याला फारसे काही सांगता आले नाही. पण रसायनज्ञ कार्ल पॉल लिंक यांच्या मनाला ते लागले. 1939 मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत त्या चाऱ्यातील विष, डायकुमॅरॉल, हाती आले. ‘के’ जीवनसत्त्वाच्या कार्यात अडथळा आणून ते रक्त गोठू देत नाही. त्याचेच भावंड वॉरफरिन. 1948 मध्ये ते उंदीर मारण्यासाठी निघाले, आणि 1954 पासून माणसांच्या रक्तात गुठळ्या होऊ नयेत म्हणून दिले जाऊ लागले. आजही रक्त तपासूनच त्याचे प्रमाण ठरवितात. विष आणि औषध यांत अंतर आहे ते मात्रेचे. आणि ती मात्रा सांभाळणे यातच वैद्याची खरी कसोटी आहे.