भर घालणारे जोडशब्द (इंग्रजी)
आधीच्या विधानाला नवी माहिती जोडणारे शब्द : अँड, ऑल्सो, टू, बिसाइड्स, मोरओव्हर, ॲज वेल ॲज इत्यादी. मराठी व्याकरणात ‘आणि’, ‘व’, ‘शिवाय’ ही समुच्चयबोधक उभयान्वयी अव्यये हेच काम करतात. पण मराठीची खरी मदार इवल्याशा ‘ही’वर. वर्ध्याचा विद्यार्थी ‘सेवाग्रामला गेलो, पवनारलाही गेलो’ असे सहज म्हणतो. इथे ‘ही’ पवनारला चिकटते. इंग्रजीत मात्र ‘ऑल्सो’ क्रियापदाआधी सरकते : ‘आय ऑल्सो वेंट टू पवनार’. भर घालणारे ‘टू’ (too) बहुधा वाक्याच्या शेवटी येते. ‘बिसाइड’ म्हणजे शेजारी, ‘बिसाइड्स’ म्हणजे शिवाय. एका ‘स’ने अर्थ फिरतो. ‘ॲज वेल ॲज’ने दोन नामे जोडली तरी क्रियापद सहसा पहिल्याप्रमाणेच चालते. ‘मोरओव्हर’ औपचारिक लेखनात शोभते, चहाच्या टपरीवर नाही. निबंधात मात्र ते दर परिच्छेदाच्या तोंडी बसवण्याची खोड दिसते.

 महाराष्ट्रात 2000 पासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे; त्यामुळे ‘ही’ आणि ‘ऑल्सो’ यांच्यातला हा फरक मराठी मुलांसमोर शाळेतच येतो.