दहा शिंपल्यांचा कायदा : पिस्मो बीचची गोष्ट

आजचा भाग शिंपल्यांवर आहे. ऐकणाऱ्यांत मालवण-रत्नागिरीकडचे कुणी असतील, तर तिसऱ्यांचं सुकं डोळ्यांसमोर आलं असेल. पण आज आपण जाणार आहोत थेट अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियातल्या पिस्मो बीच नावाच्या छोट्या गावात. नेहमीप्रमाणे ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हे शब्दांकन.

सुरुवात अलीकडच्या बातमीने करू. २०२३ मध्ये एक कुटुंब या किनाऱ्यावर सहलीला आलं. मुलांनी वाळूतून शिंपले गोळा केले. त्यांना वाटलं, रिकामे शिंपले आहेत. पण ते जिवंत होते, मोजले तर ७२ भरले आणि ठरलेल्या मापापेक्षा लहान होते. मुलांच्या आईला दंडाची नोटीस आली ती ८८ हजार डॉलरच्या वर! पुढे प्रकरण न्यायाधीशांपुढे गेलं, खरा प्रकार लक्षात आला आणि दंड ५०० डॉलरवर आला.

बातमी वाचून बहुतेक लोक हसले. शिंपल्यांसाठी एवढा दंड? पण एखादा कायदा इतका कडक दिसतो, तेव्हा त्याच्या मागे काहीतरी घडून गेलेलं असतं. ते काय, हे आज बघू.

नांगराने काढलेले शिंपले

'पिस्मो' हा शब्द मूळचा चुमाश या तिथल्या आदिवासी लोकांच्या भाषेतला. अर्थ आहे डांबर. त्या भागात जमिनीतून नैसर्गिक डांबर झिरपतं आणि चुमाश लोक ते होड्यांच्या सांधी बुजवायला वापरायचे. हे लोक हजारो वर्षं इथले शिंपले खात आले. शिंपल्याचे मणीही करायचे.

याच किनाऱ्यावरून या शिंपल्याला पिस्मो क्लॅम म्हणतात. शास्त्रीय नाव तिवेला स्टुल्टोरम. १८२३ साली जॉन मॉ याने हे नाव दिलं. त्यातल्या लॅटिन 'स्टुल्टोरम'चा अर्थ 'मूर्खांचा'. नाव देणाऱ्याच्या मनात काय होतं कोण जाणे, पण पुढचा इतिहास ऐकलात की नाव अगदीच चुकीचं वाटत नाही.

हा शिंपला जाड कवचाचा, जड, हाताच्या तळव्याएवढा होणारा. मोकळ्या समुद्राच्या लाटा जिथे आदळतात, तिथल्या वाळूत राहतो आणि फार खोल जात नाही. वाळूच्या वरच्या वीतभर थरातच सापडतो. म्हणजे ओहोटीला काटा घेऊन गेलं की झालं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर काट्याचीही गरज नव्हती. लोक घोडे जुंपून वाळूत चक्क नांगर फिरवायचे. बटाटे निघावेत तसे शिंपले वर यायचे. ते माणसं खायची, आणि उरलेले डुकरांना, कोंबड्यांना घालायची. इतके होते! एवढी रास डोळ्यांसमोर असताना ती संपेल असं कुणाच्या मनात येणार?

दोनशेपासून दहापर्यंत

१९११ मध्ये पहिली मर्यादा आली. माणशी दिवसाला किती? २०० शिंपले. आज आकडा ऐकून आपण थक्क होतो. पण मर्यादा म्हणून २०० हा आकडा ठेवावा लागतो, याचा अर्थ लोक त्याहून जास्त नेत होते.

पुढच्या काही दशकांत हा आकडा पायरी पायरीने खाली येत १० वर आला. आजही तो १० च आहे. १९४७ मध्ये विक्रीसाठी शिंपले काढणं पूर्ण बंद झालं. उरले ते फक्त हौशी लोक.

आता इथे जरा थांबा, कारण खरी गोम इथे आहे. 'माणशी दिवसाला इतके' हा नियम दिसतो चोख, पण तो माणसं मोजत नाही. साधा हिशोब करू. ५० माणसं आली आणि प्रत्येकी २०० नेले, तर झाले दहा हजार. आणि १००० माणसं आली आणि प्रत्येकी १० नेले, तरी तेवढेच दहा हजार! आकडा वीस पटींनी खाली आला आणि वाळूतून गेले तेवढेच.

झालंही काहीसं असंच. मोटारी आल्या, रस्ते झाले, सुट्टीला समुद्रावर जायची चाल पडली. गावाने स्वतःला 'जगाची क्लॅम राजधानी' म्हणवून घेतलं. उत्सव सुरू झाला. गावात शिंपल्याचे मोठे काँक्रीटचे पुतळे उभे राहिले. एकीकडे सरकार हात आखडता घ्या म्हणत होतं, दुसरीकडे गाव या या म्हणत होतं.

आणि व्यापार बंद करून हौस चालू ठेवली, यातही एक निवड आहे बरं का. ज्यांचं पोट त्यावर होतं त्यांना आधी थांबवलं, ज्यांची सहल होती त्यांना दहा दिले. ते बरोबर होतं की नाही, यावर वाद होऊ शकतो. पण मर्यादा घालताना कुणाचा वाटा आधी कापायचा, हा प्रश्न नेहमीच येतो. तो हिशोब फक्त शिंपल्यांचा राहत नाही.

माप कशासाठी?

संख्येबरोबर मापाचाही नियम आहे. पिस्मो बीचवर शिंपला किमान साडेचार इंच रुंद हवा. काउंटीची हद्द ओलांडून उत्तरेला मॉन्टेरेकडे गेलात तर पाच इंच. या मापापर्यंत वाढायला शिंपल्याला साधारण पाच ते नऊ वर्षं लागतात. म्हणजे पहिलीतलं मूल आज ज्याला वाळूत बघतं, तो खाण्याजोगा होईपर्यंत ते मूल माध्यमिक शाळेत गेलेलं असतं. आणि लहान शिंपला नेला की त्याने पुढे सोडली असती ती सगळी अंडीही गेली.

लहान शिंपला हाती लागला तर कायदा सांगतो, तो जिथे खणला तिथेच लगेच परत पुरा. नुसता वाळूवर टाकून चालत नाही. उघड्यावर पडला की पक्षी उचलतात, नाहीतर लाटा भलतीकडे नेऊन टाकतात.

आता गंमत बघा. याच किनाऱ्याने उत्तरेला वॉशिंग्टन राज्यात गेलात की नियम बरोबर उलटा होतो! तिथे रेझर क्लॅम नावाचा लांबट, पातळ कवचाचा शिंपला मिळतो. मर्यादा दिवसाला १५. पण कोणते १५? जे पहिले निघतील ते. लहान असो, फुटका असो, ठेवायलाच लागतो. लहान टाकून मोठा शोधायचा नाही. कारण त्याचं कवच इतकं नाजूक की खणताना दुखावलेला शिंपला परत पुरला तरी बहुधा मरतो. मग निवडत बसलात तर १५ नेताना तीस मारून याल.

शिवाय तिथे प्रत्येकाने आपले आपण खणायचे आणि आपल्या वेगळ्या पिशवीत ठेवायचे. आजोबांच्या नावावर नातवाने खणून चालत नाही.

एका ठिकाणी 'परत पुरा', दुसऱ्या ठिकाणी 'परत पुरू नका'. दोन्ही बरोबर. नियम कचेरीत बसून सुचलेला नाही, तो त्या जिवाच्या अंगावरून आलेला आहे. म्हणून एका किनाऱ्याची शहाणपणाची सवय दुसऱ्या किनाऱ्यावर नेली की नुकसान होऊ शकतं.

मग पाणमांजर आलं

पिस्मोच्या गोष्टीत आणखी एक पात्र आहे, समुद्री पाणमांजर. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात त्याच्या मऊ फरसाठी इतकी शिकार झाली की कॅलिफोर्नियातून ते संपलंच असं मानलं जात होतं. योगायोग बघा, १९११ मध्येच फर सीलच्या शिकारीवर आंतरराष्ट्रीय करार झाला आणि त्यात पाणमांजरालाही संरक्षण मिळालं. १९३८ मध्ये बिग सर भागाच्या किनाऱ्यावर एक छोटा कळप दिसला. तिथून संख्या वाढत गेली आणि पाणमांजरं दक्षिणेकडे सरकत १९७० च्या दशकाच्या शेवटी पिस्मोला पोचली.

पाणमांजर रोज आपल्या वजनाच्या जवळजवळ पाव हिस्सा खातं. त्याला परवाना नको, मोजपट्टी नको. १९८० च्या दशकात पिस्मो बीचवर कायदेशीर मापाचा शिंपला मिळणं मुश्कील झालं आणि लोक पाणमांजरावर चिडले.

राग समजतो. पण विचार करा. शिंपले, पाणमांजर आणि चुमाश माणूस हे तिघं हजारो वर्षं एकाच किनाऱ्यावर होते. नांगराच्या काळात जी रास लोकांनी पाहिली, ती पाणमांजर नाहीसं झाल्यानंतरची होती. त्या राशीलाच लोक 'पूर्वीचं वैभव' समजले. म्हणजे आपण ज्याला नेहमीचं धरतो, ते कधीपासूनचं आहे हेही तपासावं लागतं.

गेल्या काही वर्षांत पिस्मोला शिंपले पुन्हा दिसू लागले आहेत, पण बहुतेक लहान. मापाचे क्वचित. म्हणून तर त्या ७२ शिंपल्यांवर एवढा गदारोळ झाला. ते ७२ म्हणजे पुढच्या पिढीची मुदलाची रक्कम.

उशीर झाला तर?

सगळीकडे शिंपले परत येतातच असं नाही. न्यूझीलंडमध्ये तोहेरोआ नावाचा मोठा शिंपला आहे. माओरी लोकांचं हे मानाचं खाणं. १९२० मध्ये इंग्लंडचा युवराज एडवर्ड तिथे आला, तोहेरोआचं सूप त्याला आवडलं आणि या सूपचं नाव झालं. कारखान्यांत डबे भरले जात होतेच. सुट्टीला लोक गाड्या घेऊन किनाऱ्यावर लोटायचे. मर्यादा आल्या, त्या कमी होत गेल्या, हंगाम लहान होत गेला. १९६९ मध्ये डबाबंद व्यवसाय थांबला. मग एकेक किनारा लोकांसाठी बंद झाला. दक्षिणेच्या ओरेटी किनाऱ्यावर १९९३ मध्ये शेवटचा खुला दिवस झाला. आज फक्त माओरींना परंपरेच्या कारणासाठी, परवानगीनेच तो काढता येतो.

आणि तरीही उत्तरेकडच्या किनाऱ्यांवर तोहेरोआ पूर्वीसारखा परत आलेला नाही. वाळूवर धावणाऱ्या गाड्या, किनाऱ्याला येणारं गोडं पाणी बदलणं, अशी अनेक कारणं अभ्यासक तपासतात. बंदी घातली म्हणजे घड्याळ मागे फिरतं असं नाही.

आपल्याकडे

आपल्या कोकणात तिसऱ्या, खुबे, मुळे, कालवं काढणं हा मुख्यतः बायकांचा कष्टाचा धंदा. कमरेएवढ्या पाण्यात तासन्‌तास उभं राहून मिळवलेली टोपली असते ती. त्याची तुलना अमेरिकेतल्या रविवारच्या सहलीशी करणं योग्य नाही. पण भारतात एक उदाहरण ऐकण्यासारखं आहे. केरळमधल्या कोल्लमजवळच्या अष्टमुडी खाडीत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शिंपले घटले. तेव्हा डिसेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे पिल्लं धरण्याच्या काळात, काढणं बंद ठेवायचं ठरलं. जाळ्याचा आसही किमान ३० मिलिमीटर केला, म्हणजे बारीक शिंपले खाली गळून पडतील. २०१४ मध्ये या मासेमारीला टिकाऊपणाचं आंतरराष्ट्रीय एमएससी प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं. तिथे पोट भरणाऱ्यांनाच नियमात सामील केलं गेलं, हे महत्त्वाचं.

तर मंडळी, पुढच्या वेळी किनाऱ्यावर पोरांनी मूठभर शिंपले उचलले, तर आधी बघा, दोन्ही शिंपा घट्ट मिटलेल्या आहेत का. मिटलेल्या असतील तर आत कुणीतरी आहे. त्या गावात शिंपल्या काढणाऱ्या मावशी भेटल्या तर त्यांना विचारा, कोणत्या आकाराची ठेवायची आणि कोणती सोडायची. पुस्तकात नसलेला नियम बरेचदा त्यांच्या हातात असतो.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या गावाकडे असा काही न लिहिलेला नियम असेल, तर आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.