फेकलेला कपॅसिटर, हरवलेला पुरावा

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. आमचा व्हॉल्व्हचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही त्याच वर्षीचा, असं आजोबा सांगायचे. एम.एस्सी.ला असताना मी तो दुरुस्तीला घेतला. पडद्यावर एक आडवा काळपट पट्टा हळूहळू सरकायचा. कारण साधं होतं. पॉवर सप्लायच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधलं द्रावण वर्षानुवर्षं सुकत जातं, धारिता घटते आणि एसीचं डीसी करताना उरलेली ५० हर्ट्झची लहर चित्रात उतरते. मी जुने कपॅसिटर डिस्चार्ज करून काढले, नवे सोल्डर केले, जुने भंगारात टाकले. चित्र स्वच्छ आलं!

चूक कुठे झाली, ते पीएचडीला आल्यावर कळलं. पुष्कळ कपॅसिटरवर निर्मितीच्या काळाचा सांकेतिक आकडा असतो. त्यावरून टीव्ही साधारण कधीचा, मधे कुणी दुरुस्त केला का, याचा अंदाज बांधता येतो. आजोबांचं म्हणणं तपासायचा पुरावा मीच फेकून दिला होता. काही जाणकार तर जुना डबा जपून नवा कपॅसिटर त्याच्या आतच बसवतात.

तेव्हा मित्रांनो, आधी फोटो आणि नोंद. सोल्डरिंग गन त्यानंतर.