उरलेली टर्की आणि माझा चष्मा

"लेसरनं डोळा जाळून घेणार का रे?" आईने फोनवर विचारलं. चष्मा घालवायचं ऑपरेशन माझ्या डोक्यात होतं. पीएचडी लेसरमधली, तरी तिला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून हा खटाटोप.

खरं तर आईची शंका चूक नव्हती. मेमनने १९६० साली पहिला लेसर चालवला आणि पुढच्याच वर्षी डोळ्यांचे डॉक्टर तो वापरू लागले, पण रेटिनाला चटका देण्यासाठी. तेव्हाचा लेसर जाळूनच काम करायचा.

हे बदललं न्यूयॉर्कजवळ, यॉर्कटाउन हाइट्सच्या आयबीएम प्रयोगशाळेत. रंगास्वामी श्रीनिवासन, जेम्स विन आणि सॅम्युएल ब्लम या तिघांकडे एक्सायमर लेसर होता. त्याच्या १९३ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांनी प्लॅस्टिक सुबक कोरलं जायचं. मग जिवंत प्राण्याची ऊती का नाही? थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, २७ नोव्हेंबर १९८१ ला, श्रीनिवासन घरची उरलेली टर्की घेऊन आले. एक्सायमरने तिच्यावर स्वच्छ खाच पडली. तुलनेसाठी ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर मारला, तर कडा करपल्या!

कारण साधं आहे. अतिनील प्रकाश वरच्या अगदी पातळ थरातच शोषला जातो आणि तिथले रेणूंचे बंध तोडतो. तुकडे उडून जातात, उष्णता बरीचशी त्यांच्याबरोबरच जाते. आजूबाजूला चटका बसत नाही. एका स्पंदात कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, जेमतेम पाव मायक्रॉन थर निघतो.

१९८३ मध्ये नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी श्रीनिवासन आणि बोडिल ब्रॅरेन यांच्यासोबत कॉर्नियावरचा शोधनिबंध छापला. पण दिसत्या डोळ्यावर पहिला प्रयोग कोण करू देणार? १९८८ साली एका बाईंनी दिला. कर्करोगामुळे त्यांचा तो डोळा काढावाच लागणार होता. त्याआधी डॉ. मार्गरीट मॅक्डॉनल्ड यांनी त्यावर लेसर चालवला. स्वतःला काडीचा फायदा नसताना! अमेरिकेत या उपचाराला सरकारी मान्यता मिळाली १९९५ साली.

आईला पुन्हा फोन केला. "जाळत नाहीत गं, सोलतात. पण माझा कॉर्निया मुळातच पातळ निघाला. डॉक्टर नको म्हणाले."

"बरं झालं," आई म्हणाली. चष्मा अजून नाकावर आहे. तो पुसताना हल्ली त्या बाईंची आठवण येते.