नियंत्रकाचा भार कसा वाटला गेला

अमेरिकेत १९६९ साली अर्पानेट हे संगणकांचे जाळे सुरू झाले, तेव्हा त्यात कोणी मुख्याधिकारी नव्हता. संदेशाचा तुकडा, म्हणजे पॅकेट, कोणत्या मार्गाने पुढे धाडायचे हे प्रत्येक ठाण्यावरचे यंत्र शेजाऱ्यांकडून माहिती घेऊन स्वतःच ठरवी. एक ठाणे बंद पडले तरी बाकीची चालू राहत. मात्र संपूर्ण जाळ्याचे चित्र कुणापाशीच नसल्यामुळे एका मार्गावर दाटी आणि दुसरा मोकळा, असे होऊ शके.

निक मॅक्युअन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली मांडलेल्या ओपनफ्लो पद्धतीत हा कारभार उलटा झाला. निर्णय वेगळ्या संगणकावरील नियंत्रकाने घ्यायचे, स्विचने फक्त अंमल करायचा. ओळखीचे पॅकेट तक्ता पाहून पुढे जाई. अनोळखी आले की स्विच नियंत्रकाला विचारी. गूगलने २०१३ साली आपल्या बी-फोर या जगभर पसरलेल्या जाळ्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. केंद्रीय नियोजनामुळे त्यातील अनेक दुवे जवळजवळ पूर्ण क्षमतेने वापरता आले होते.

पण सगळ्यांनी एकालाच विचारायचे म्हटल्यावर तो थकणारच! म्हणून नियंत्रक अनेक झाले. त्यांतला जो रिकामा असेल त्याच्याकडे काम सोपवावे, तर अंतर आडवे येते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. नियंत्रक १० हजार किलोमीटर दूर असेल, तर प्रश्न जाऊन उत्तर यायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. यंत्रांच्या दृष्टीने हा फार मोठा काळ आहे.

खरी अडचण मात्र हस्तांतराची होती. तास चालू असताना वर्ग दुसऱ्या शिक्षकाच्या ताब्यात दिला आणि एखाद्या मुलाचा प्रश्न दोघांनीही ऐकला नाही, किंवा दोघांनी दोन निराळी उत्तरे दिली, तर काय गोंधळ होईल? पर्ड्यू विद्यापीठ आणि बेल लॅब्ज येथील संशोधकांनी २०१३ साली यावर सुंदर तोड सुचवली. नवा नियंत्रक आधी नुसता ऐकत बसतो. जुना नियंत्रक स्विचच्या तक्त्यात एक लटकी नोंद करवतो आणि लगेच पुसायला लावतो. नोंद पुसल्याची वर्दी स्विच दोघांनाही देतो. वर्दीच्या आधीचे प्रश्न जुन्याचे, नंतरचे नव्याचे. घड्याळे जुळवण्याची गरजच उरत नाही! हातातले काम संपले की जुना नियंत्रक तसे कळवतो आणि मग नवा अधिकृतपणे मुख्य होतो.

आजच्या मोठ्या जाळ्यांत बहुतेक नोंदी आगाऊच भरून ठेवतात, त्यामुळे प्रत्येक अनोळखी पॅकेटची चौकशी सहसा करावी लागत नाही. भार येतो तो एखादा दुवा तुटल्यावर, सगळे मार्ग नव्याने आखताना.