बारामती व इंदापूर तालुक्यांतील रुग्णालये

बारामती व इंदापूर तालुक्यांतील रुग्णालये म्हणजे महाराष्ट्राच्या पुणे जिल्ह्यातील या दोन शेजारच्या तालुक्यांत कार्यरत असलेली शासकीय, खाजगी व धर्मादाय वैद्यकीय संस्थांची व्यवस्था होय. गावपातळीवरील उपकेंद्रापासून बारामती येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत ती पसरलेली आहे. सामान्य बोलण्यात 'सरकारी दवाखाना' असा एकच शब्द वापरला जात असला, तरी या संस्था जिल्हा परिषद, सार्वजनिक आरोग्य विभाग, वैद्यकीय शिक्षण विभाग आणि नगरपरिषदा अशा वेगवेगळ्या यंत्रणांच्या अखत्यारीत येतात. रुग्णाला कोणता उपचार कोठे मिळेल, त्यासाठी किती अंतर जावे लागेल आणि किती खर्च येईल, हे बऱ्याच अंशी या विभागणीवर अवलंबून असते.

भौगोलिक पार्श्वभूमी

दोन्ही तालुके पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागात आहेत. दक्षिणेकडे नीरा नदी, तर इंदापूरच्या पूर्व व उत्तर बाजूस भीमा नदी आणि उजनी धरणाचा जलाशय आहे. बारामती शहर कऱ्हा नदीकाठी वसलेले असून पुण्यापासून सुमारे १०० किलोमीटर अंतरावर आहे. इंदापूर शहर पुणे–सोलापूर राष्ट्रीय महामार्गावर पुण्यापासून सुमारे १४० किलोमीटरवर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार बारामती तालुक्याची लोकसंख्या सुमारे ४ लाख ३० हजार, तर इंदापूर तालुक्याची सुमारे ३ लाख ८३ हजार होती.

नीरा डाव्या कालव्याखालील बागायती पट्टा, सुपे–मोरगाव परिसरातील जिरायती भाग, बारामतीची औद्योगिक वसाहत आणि महामार्गालगतची गावे यांच्या आरोग्यविषयक गरजा वेगवेगळ्या आहेत. तालुक्यांच्या सीमेवरील रुग्ण जिल्ह्याची हद्द पाहत नाहीत. नीरेकाठच्या गावांतील रुग्ण सातारा जिल्ह्यातील फलटण किंवा सोलापूर जिल्ह्यातील अकलूज येथेही उपचारासाठी जातात.

शासकीय आरोग्यसेवेची रचना

भारतातील ग्रामीण आरोग्यसेवेचा आराखडा १९४६ च्या भोर समितीच्या अहवालावर आधारलेला आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना याच अहवालातून पुढे आली. महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण प्राथमिक आरोग्यसेवा त्यांच्याकडे सोपवली गेली. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने या रचनेत 'आशा' स्वयंसेविकांची भर घातली. सपाट प्रदेशासाठी तिचे स्तर पुढीलप्रमाणे आहेत :

• उपकेंद्र – ५,००० लोकसंख्येमागे एक. लसीकरण, गर्भवतींची नोंदणी व तपासणी, प्राथमिक उपचार. व्यवस्थापन जिल्हा परिषदेकडे.
• प्राथमिक आरोग्य केंद्र – ३०,००० लोकसंख्येमागे एक. सामान्यतः सहा खाटा, वैद्यकीय अधिकारी, बाह्यरुग्ण विभाग व सामान्य प्रसूती. व्यवस्थापन जिल्हा परिषदेकडे.
• ग्रामीण रुग्णालय – १,२०,००० लोकसंख्येमागे एक. सामान्यतः ३० खाटा. व्यवस्थापन राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या देखरेखीखाली.
• उपजिल्हा रुग्णालय – ग्रामीण रुग्णालयाहून मोठे, साधारणतः ५० ते १०० खाटांचे. शस्त्रक्रिया, सिझेरियन प्रसूती व विशेषज्ञ सेवा अपेक्षित.
• वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालय – वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत.

या निकषांनुसार शहरांतील लोकसंख्या वगळता प्रत्येक तालुक्याला सुमारे १२ प्राथमिक आरोग्य केंद्रे व तीन ग्रामीण रुग्णालये लागतात. हा हिशेब २०११ च्या लोकसंख्येवर आधारलेला असून ऊसतोडणी हंगामात बाहेरून येणारी कुटुंबे त्यात धरलेली नाहीत.

बारामती तालुका

बारामती शहरातील सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय हे तालुक्यातील जुने शासकीय रुग्णालय आहे. शहरात स्वतंत्र शासकीय महिला रुग्णालयही आहे. रुई व सुपे येथे ग्रामीण रुग्णालये आहेत. यांपैकी सुपे तालुक्याच्या जिरायती भागात येते. मोरगाव, होळ, पणदरे, सांगवी व डोर्लेवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रे परिसरातील गावांना सेवा देतात.

२०१९ मध्ये बारामती येथे १०० विद्यार्थ्यांच्या प्रवेशक्षमतेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. औद्योगिक वसाहतीच्या परिसरातील या महाविद्यालयास पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले असून ते नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. तोपर्यंत पुणे जिल्ह्यातील राज्य शासनाचे वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे पुण्याचे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय होते. त्याच्याशी संलग्न असलेले ससून सर्वोपचार रुग्णालय हे गुंतागुंतीच्या रुग्णांचे अखेरचे शासकीय ठिकाण होते. वैद्यकीय महाविद्यालयाच्या मान्यतेसाठी औषधवैद्यक, शल्यचिकित्सा, स्त्रीरोग, बालरोग, अस्थिरोग, भूलशास्त्र आदी विभागांत अध्यापक व निवासी डॉक्टर असणे बंधनकारक असते. त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणी चोवीस तास विशेषज्ञ उपलब्ध होण्याची शक्यता प्रथमच निर्माण झाली.

इंदापूर तालुका

इंदापूर शहरात उपजिल्हा रुग्णालय आहे. भिगवण व बावडा येथे ग्रामीण रुग्णालये असून पळसदेव, लासुर्णे व काटी ही प्राथमिक आरोग्य केंद्रांची गावे आहेत. तालुक्याचा आकार लांबट आहे. वायव्य टोकाचे भिगवण बारामतीस जवळ आहे, तर पूर्वेकडील नीरा–भीमा संगमाच्या बाजूची गावे अकलूज व टेंभुर्णीकडे झुकलेली आहेत. त्यामुळे कागदोपत्री एकाच तालुक्यात असलेल्या रुग्णांचे संदर्भसेवेचे मार्ग प्रत्यक्षात वेगवेगळे होतात.

इंदापूर ते बारामती हे अंतर सुमारे ५० किलोमीटर आहे. बारामतीत वैद्यकीय महाविद्यालय झाल्यामुळे पुणे किंवा सोलापूरच्या तुलनेत उच्चस्तरीय शासकीय उपचार जवळ आले. तथापि अतिरक्तस्राव झालेली प्रसूत माता किंवा डोक्याला मार लागलेला अपघातग्रस्त यांच्या दृष्टीने हे अंतरही मोठे असते. म्हणून इंदापूर येथे शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि रक्तसाठा एकाच वेळी उपलब्ध असणे महत्त्वाचे ठरते. या चारांपैकी एकाची उणीव असली तरी उरलेल्या तिघांचा शस्त्रक्रियेस उपयोग होत नाही आणि रुग्णास पुढे पाठवावे लागते.

खाजगी रुग्णालये

खाजगी क्षेत्रात एका डॉक्टरच्या दवाखान्यापासून अतिदक्षता विभाग असलेल्या बहुविशेषता रुग्णालयांपर्यंत अनेक प्रकार आढळतात. गावांतील दवाखान्यांत आयुर्वेद व होमिओपॅथीच्या पदवीधरांचे प्रमाण लक्षणीय असते. बारामती शहर हे परिसरातील खाजगी वैद्यकीय सेवेचे प्रमुख केंद्र असून प्रसूतिगृहे, अस्थिरोग व बालरोग रुग्णालये, निदान केंद्रे व रक्तपेढी तेथे एकवटलेली आहेत. सहकारी साखर कारखाने, दुग्धव्यवसाय व औद्योगिक वसाहत यांमुळे वाढलेली क्रयशक्ती हे या केंद्रीकरणाचे एक कारण मानता येते.

खाजगी रुग्णालयांची नोंदणी महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ अन्वये होते. केंद्र शासनाचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना अधिनियम महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. राज्याच्या नियमांत २०२१ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार रुग्ण हक्कांची सनद आणि प्रमुख सेवांचे दरपत्रक दर्शनी भागात लावणे रुग्णालयांस बंधनकारक आहे. सोनोग्राफी केंद्रांना १९९४ चा गर्भलिंगनिदानविषयक कायदा लागू होतो.

धर्मादाय रुग्णालये

सार्वजनिक न्यासामार्फत चालणारी व विहित मर्यादेपेक्षा मोठी रुग्णालये महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली येतात. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या व २००६ पासून लागू असलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. या दोन तालुक्यांतून पुण्यास पाठवल्या जाणाऱ्या रुग्णांच्या दृष्टीने ही तरतूद विशेष उपयोगी आहे. कारण पुणे शहरात मोठी धर्मादाय रुग्णालये आहेत. लाभासाठी उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका आवश्यक असते.

खर्च व शासकीय योजना

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार (२०१७–१८) ग्रामीण भारतात प्रसूती वगळता रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी सुमारे ४६ टक्के रुग्ण शासकीय, तर सुमारे ५२ टक्के खाजगी रुग्णालयांत होते. दाखल होण्याच्या प्रत्येक वेळचा सरासरी वैद्यकीय खर्च ग्रामीण भागात शासकीय रुग्णालयात ४,२९० रुपये आणि खाजगी रुग्णालयात २७,३४७ रुपये होता. म्हणजे खाजगी उपचार सहा पटींहून अधिक महाग होते, तरीही निम्म्याहून अधिक ग्रामीण रुग्ण तेथेच दाखल झाले.

ही दरी कमी करण्यासाठी महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू केली व २०१३ मध्ये ती राज्यभर लागू केली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते. सुरुवातीला प्रतिकुटुंब प्रतिवर्ष दीड लाख रुपयांपर्यंत असलेले संरक्षण २०२३ च्या निर्णयानुसार पाच लाख रुपयांपर्यंत वाढवून सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना खुले करण्यात आले. २०२३ च्या निर्णयानुसार योजनेत १,३५६ उपचारांचा समावेश होता. लाभ केवळ अंगीकृत रुग्णालयात व ठरावीक उपचारांसाठीच मिळतो. बाह्यरुग्ण तपासणी आणि मधुमेह, रक्तदाब यांसारख्या आजारांची नित्याची औषधे तिच्या कक्षेबाहेर राहतात.

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या २,४१८ आरोग्य संस्थांतील तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले. हा निर्णय त्या विभागाच्या संस्थांपुरता होता. वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालये त्यात समाविष्ट नव्हती. त्यामुळे एकाच शहरातील दोन शासकीय रुग्णालयांत शुल्काचे नियम भिन्न असू शकतात.

आपत्कालीन सेवा

राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा ९३७ वाहनांसह सुरू झाली. गर्भवती, प्रसूत माता व अर्भकांसाठी १०२ क्रमांकाची वाहने आहेत. २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमांतर्गत शासकीय संस्थेत प्रसूती, औषधे, आहार, रक्त व घरी परत पोहोचवण्याची सोय विनामूल्य आहे. महामार्गावरील भिगवण–इंदापूर पट्ट्यात वेगवान वाहतूक आणि हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या एकाच रस्त्यावर येत असल्याने अपघातोपचारांची सोय हा तेथील महत्त्वाचा प्रश्न आहे.

स्थानिक आरोग्यप्रश्न

ऊसतोडणी कामगार : गाळप हंगामात बीड व इतर जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांची कुटुंबे माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर आदी कारखान्यांच्या परिसरात येऊन राहतात. गर्भवतींची नोंदणी मूळ गावी आणि प्रसूती कार्यस्थळी, अशी स्थिती उद्भवते. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत नसल्यास आधीच्या तपासण्या व बालकाचे राहिलेले डोस यांची माहिती मिळणे अवघड होते. कामावरील खाडा म्हणजे मजुरीत घट असल्याने दिवसा भरणाऱ्या बाह्यरुग्ण विभागात येणेही टाळले जाते.

सर्पदंश व विषबाधा : उसाच्या शेतांत रात्री पाणी देताना सर्पदंशाचा धोका असतो. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार प्रमुख विषारी सापांवर एकच बहुगुणी प्रतिविष वापरले जाते. ते जवळच्या शासकीय केंद्रात तातडीने मिळणे निर्णायक असते. घोणसदंशात मूत्रपिंड निकामी होण्याची, तर मण्यारदंशात श्वसन थांबण्याची शक्यता असल्याने डायलिसिस व कृत्रिम श्वसनाची सोय असलेले रुग्णालयही आवश्यक ठरते. कीटकनाशकांच्या विषबाधेसही हेच लागू होते.

पालखी सोहळा : संत तुकाराम महाराजांची पालखी आषाढी वारीत बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर व सराटी या मार्गाने अकलूजकडे जाते. या काळात आरोग्य यंत्रणेस पाणी शुद्धीकरण, फिरती पथके व प्रथमोपचार केंद्रे यांची व्यवस्था करावी लागते. सार्वजनिक आरोग्य विभागाने २०२३ मध्ये 'आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी' हा उपक्रम राबवला.

कोविड-१९ साथ

एप्रिल २०२० मध्ये राजस्थानातील भिलवाडा येथील पद्धतीच्या धर्तीवर बारामती शहरात कडक संचारबंदी, घरोघर तपासणी आणि जीवनावश्यक वस्तूंचा घरपोच पुरवठा करण्यात आला. ही पद्धत वृत्तपत्रांतून 'बारामती पॅटर्न' म्हणून ओळखली गेली. शासकीय रुग्णालयांसह खाजगी रुग्णालयांतील खाटाही साथीच्या उपचारांसाठी वापरण्यात आल्या. प्राणवायू व कृत्रिम श्वसनयंत्रांची गरज ग्रामीण स्तरापर्यंत असते, हे या साथीत स्पष्ट झाले.

मर्यादा

ग्रामीण रुग्णालयांतील विशेषज्ञांची कमतरता ही देशव्यापी समस्या आहे. केंद्र शासनाच्या २०२१–२२ च्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीनुसार या स्तरावरील विशेषज्ञांच्या एकूण गरजेच्या तुलनेत सुमारे ८० टक्के तूट होती. इमारत व खाटा उपलब्ध असूनही विशेषज्ञ नसल्यास रुग्ण वरच्या शासकीय संस्थेत किंवा खाजगी रुग्णालयात जातो. परिणामी साध्या आजारांची गर्दीही मोठ्या रुग्णालयात होते आणि गंभीर रुग्णांकडे द्यावयाचा वेळ घटतो. बारामतीचे वैद्यकीय महाविद्यालय या साखळीचे वरचे टोक बळकट करते. मात्र त्याचा पूर्ण उपयोग होण्यासाठी खालच्या ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत मनुष्यबळ असणे, रुग्ण पाठवताना पूर्वसूचना व संदर्भचिठ्ठी देणे आणि उपचारानंतर रुग्णाचा पाठपुरावा पुन्हा त्याच्या गावच्या केंद्राकडे सोपवणे आवश्यक असते.

हेही पाहा

• ससून सर्वोपचार रुग्णालय
• महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना
• प्राथमिक आरोग्य केंद्र
• बारामती तालुका
• इंदापूर तालुका